गाठ फोडायच्या भानगडीत पडू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ महिन्यांपासून मान आणि उजवा खांदा दुखतोय, काम दिवसभर संगणकावर. महिन्यातून एकदा मसाज घेतला की दोन दिवस हलकं वाटतं, मग ये रे माझ्या मागल्या. मागच्या वेळी 'डीप टिश्यू', म्हणजे खोल, जोराचा मसाज घेतला तर पाठीवर काळेनिळे डाग उठले, चार दिवस मान वळेना. थेरपिस्टने सांगितलं की गाठी फुटल्यात, विषद्रव्यं बाहेर पडताहेत, एवढा त्रास व्हायचाच. तर जोराचा मसाज घ्यावा की आरामाचा, किती वेळा घ्यावा, कायमचं बरं वाटेल का, आणि घरी नवऱ्याने दाबून दिलं तर चालेल का?

मी मसाजाचं काम २२ वर्षं करतेय. आधी त्या डागांचा निकाल लावू. काळानिळा डाग म्हणजे कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटून साकळलेलं रक्त. दारावर गुडघा आपटला की उठतो तोच डाग, त्यात बरं करणारं काही नाही. विषद्रव्यांचं म्हणाल तर शरीरातली नको ती द्रव्यं काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करतात. त्यांना माझ्या अंगठ्याची मदत लागत नाही. याचाच भाऊ म्हणजे व्यायामाने साठलेलं लॅक्टिक ॲसिड मसाजाने निघून जातं ही गोष्ट. व्यायामानंतर रक्तात वाढलेलं लॅक्टेट (त्याच ॲसिडचं शरीरातलं रूप) साधारण तासाभरात आपोआप मूळ पातळीवर येतं. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली हे तपासलं, तर हाताला दमवणाऱ्या व्यायामानंतर लगेच केलेल्या मसाजाने ते निघून जाणं उलट मंदावलं, कारण दाबामुळे स्नायूतला रक्तप्रवाहच अडत होता. मसाजानंतर पाणी प्यायला सांगतात, तर तहान लागली असेल तर खुशाल प्या. काही 'धुऊन काढायला' म्हणून तांब्यावर तांब्या रिचवायची गरज नाही.

आता गाठ. तुमच्या खांद्याच्या पात्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्याशी अंगठा फिरवला की टक्कन काहीतरी सरकतं, दुखतं, आणि आपण म्हणतो, हीच ती गाठ. मी रुग्णाला सांगते, आता दुसऱ्या, न दुखणाऱ्या खांद्यावर तेच करून बघा. बहुतेकदा तिथेही टक्कन सरकतंच. मानेच्या वरच्या मणक्यांपासून खाली येऊन त्या कोपऱ्याला चिकटणारा एक दोरीसारखा स्नायू आहे, लेव्हेटर स्कॅप्युली. त्याच्या खाली फासळ्यांचा उंचसखलपणा. ही शरीराची घडणच आहे. फरक एवढाच, की एका बाजूला ती जागा हळवी झालेली असते आणि दुसऱ्या बाजूला नसते. दाबल्यावर ठणकणाऱ्या, कधी दूरवर कळ पाठवणाऱ्या जागा असतात हे खरं. अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल या डॉक्टरबाईंनी (केनेडींच्या पाठीवर उपचार करणाऱ्या त्या याच) त्यांना ट्रिगर पॉइंट म्हणून प्रसिद्धी दिली. पण त्या जागी नेमकं काय बिघडलेलं असतं यावर तज्ज्ञांमध्ये आजही वाद आहे. आणि दोन तपासनीसांना एकाच रुग्णाच्या पाठीवर या जागा स्वतंत्रपणे शोधायला सांगितल्या, तर त्यांचं एकमत होणं कठीण जातं. तेव्हा तिथे फोडण्यासारखं काही बसलेलं नाही. हळवी झालेली जागा कोपराने रगडली तर ती आणखी हळवी होते, तुमची मान चार दिवस हेच सांगत होती.

'स्नायूंवरची आवरणं मोकळी करतो', 'चिकटलेलं सोडवतो' असंही ऐकलं असेल. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या जाड पट्ट्यासारखं आवरण कायमचं ताणायला किती जोर लागेल याची गणितं झाली आहेत, आणि तो जोर माणसाच्या हाताच्या फार पलीकडचा आहे.

मग दोन दिवस बरं का वाटतं? ते खोटं नाही, त्याची कारणं फक्त स्नायूच्या आत शोधून सापडत नाहीत. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की वेदनेचे संदेश मेंदूकडे जाण्याआधी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जणू एका फाटकातून जातात, आणि स्पर्श, दाब यांचे संदेश ते फाटक थोडं लोटून घेऊ शकतात. त्यांच्या मांडणीतले तपशील पुढे बदलले, पण पाय ठेचकाळला की आपण न सांगता तो का चोळतो, याचं उत्तर तिथूनच मिळालं. दुसरं, मेंदू वरून खाली निरोप पाठवून वेदनेचा आवाज कमीजास्त करत असतो. आपण सुरक्षित आहोत, अंगाला लागलेला हात जाणता आहे, असं वाटलं की तो आवाज कमी होतो. भीती वाटली, अंग चोरलं, की वाढतो. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोहक वाटते. केसाळ त्वचेत काही बारीक चेतातंतू असे आहेत की ते फक्त हलक्या, सावकाश फिरणाऱ्या स्पर्शाला भरभरून प्रतिसाद देतात. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर हा त्यांचा आवडता वेग, त्यातही ३ च्या आसपास, आणि स्पर्श हाताच्या उबेचा असावा. आई रडणाऱ्या मुलाच्या पाठीवरून नकळत याच वेगाने हात फिरवते. मी शिकाऊ मुलींना घड्याळ लावून हे करायला लावते. पहिल्यांदा सगळ्याच दुप्पट घाईत असतात.

म्हणजे 'आरामाचा' आणि 'दुखण्याचा' असे मसाजाचे दोन वेगळे कप्पे आपण मानतो, ते तितके वेगळे नाहीत. यावर चांगली चाचणी झाली आहे. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखी जुनी झालेले ४०१ लोक घेतले. काहींना आठवड्यातून एकदा असा दहा वेळा साधा, आरामाचा मसाज. काहींना तितक्याच वेळा दुखऱ्या स्नायूंवर नेमकं काम करणारा मसाज. उरलेल्यांचे नेहमीचे उपचार चालू. दहा आठवड्यांनी दोन्ही मसाजवाले नेहमीच्या उपचारांवाल्यांपेक्षा बरे होते, आणि त्या दोघांत लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता. हालचाल सुधारल्याचा फायदा सहा महिन्यांपर्यंत टिकला, वर्षभराने मात्र बराचसा ओसरला. माझ्यासारखीने नेमक्या स्नायूंचे अभ्यासक्रम करण्यात इतकी वर्षं घातली, तिला हे वाचून पोटात गोळाच आला होता. नंतर मात्र त्याने माझे अंगठे वाचवले.

कारण मीसुद्धा पहिली पाच-सहा वर्षं रगडण्याच्याच पंथातली होते. लोक येऊन 'अजून जोरात' म्हणायचे आणि मी अंगठ्याची कांडी पणाला लावायचे. एकदा एका बाईंच्या दंडावर माझ्या बोटांचे ठसे उमटले. त्या खूश होत्या, 'काय काम केलंत!' म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना हात खांद्याच्या वर नेता येईना. फोनवर काय बोलावं हे मला सुचलं नाही. तेव्हापासून मी रुग्णाचा श्वास ऐकत काम करते. श्वास रोखला, पायाची बोटं आवळली, कपाळाला आठी पडली, की हात तिथेच सैल. तोंडाने माणूस 'चालेल चालेल' म्हणतच असतो.

याचा अर्थ सगळा मसाज मोरपीस फिरवल्यासारखा असावा असं नाही. खोल दाबाची काहींना गरज वाटते आणि त्याने बरंही वाटतं. 'गोड दुखणं' म्हणतात तसं, दाबल्यावर 'हां, तिथेच' असं तोंडून निघावं आणि श्वास लांब सुटावा, इथपर्यंत ठीक. दहापैकी किती दुखतंय असं विचारलं तर पाचच्या पुढे जाऊ देऊ नका. खोल जायचं तर सावकाश जावं लागतं. स्नायू ऊबदार झाल्यावर, तळहाताने किंवा कोपरापासून मनगटापर्यंतच्या आडव्या हाताने, स्वतःच्या अंगाचं वजन हळूहळू टाकत. थेट टोकदार कोपर घेऊन जो सुरुवात करतो त्याला घाई झालेली असते.

तुमच्या दुखण्याकडे येते, पण त्याआधी एक अडसर. आठ महिने तुम्ही दुखणं अंगावर काढलंय आणि प्रश्नात डॉक्टरांचा उल्लेख नाही. हाताला मुंग्या येतात का? बोटं बधिर होतात का? हातातून कप निसटतो, बटणं लावताना चाचपडायला होतं, चालताना तोल जातो, असं काही आहे का? यातलं एकही 'हो' असेल तर मसाजाची वेळ घेण्याआधी डॉक्टरांची घ्या, कारण तिथे मानेत शीर किंवा मज्जारज्जू दबत असल्याची शक्यता असते. रात्री झोपेतून उठवणारं आणि कुठल्याच कुशीवर न थांबणारं दुखणं, ताप, कारण नसताना घटलेलं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, अलीकडे झालेली पडझड, हेही तसंच. जिना चढताना खांदा, जबडा किंवा छाती भरून येत असेल आणि थांबल्यावर कमी होत असेल, तर ते खांद्याचं दुखणं नसून हृदयाचं असू शकतं. आणि मानेत अचानक, पूर्वी कधी नव्हती अशी कळ येऊन सोबत डोकेदुखी, चक्कर, दोन-दोन दिसणं किंवा बोलताना जीभ जड होणं असेल, तर मानेला कोणालाही हात लावू न देता तातडीने रुग्णालय गाठायचं. मानेतली रक्तवाहिनी आतून चिरली की अशी लक्षणं दिसतात. मानेला झटका देऊन कट्कन आवाज काढणाऱ्यांपासून मी माणसांना लांब ठेवते ते यासाठीच.

मसाज अजिबात नको अशा बाकीच्या वेळा भरभर सांगते. अंगात ताप, त्वचेवर संसर्ग किंवा उघडी जखम, ताजं फ्रॅक्चर, नुकताच लचकून सुजलेला सांधा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हाडं ठिसूळ असतील तर दाब फार हलका आणि तोही डॉक्टरांना विचारून. गरोदरपणात आणि कर्करोगाच्या उपचारांत मसाजाला सरसकट बंदी नसते, पण ते काम खास शिकलेल्या हातांचं आहे. आणि एक पोटरीचं. लांबच्या प्रवासानंतर 'पोटरीत गोळा आलाय, जरा चोळून द्या' म्हणत एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. एकच पाय सुजलेला, हाताला गरम लागणारा. मी चोळलं नाही, रुग्णालयात पाठवलं. रक्ताची गुठळी निघाली. ती चोळून सुटली असती तर थेट फुप्फुसात जाऊन बसली असती.

हे सगळं नसेल, म्हणजे दुखणं कामाने वाढतं, सुटीत कमी होतं, मान फिरवताना ओढ बसते पण हाताची ताकद शाबूत आहे, तर मसाज जरूर घ्या. आता किती? मानदुखीवर २०१४ साली २२८ जणांवर नेमका हाच प्रश्न घेऊन चाचणी झाली. चार आठवडे, कुणाला अर्ध्या तासाचा, कुणाला तासाभराचा, आठवड्यातून एक ते तीन वेळा. अर्ध्या तासाच्या मसाजाचा, मसाज न घेता नुसतं थांबलेल्यांच्या तुलनेत फारसा उपयोग दिसला नाही. तासाभराचा, आठवड्यातून दोन-तीनदा घेतलेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. तुम्ही महिन्यातून एकदा जीव खाऊन रगडून घेता. त्याऐवजी एक महिना आठवड्याला दोनदा, बेताच्या दाबाचा, पूर्ण तासाचा घेऊन बघा. तेवढा वेळ आणि पैसा निघत नसेल तर आठवड्याला एकदा. चार आठवड्यांत काडीचाही फरक पडला नाही, तर थांबा. 'अजून दहा घ्या, मग दिसेल' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

चांगल्या पहिल्या खेपेत काय व्हायला हवं? निदान दहा मिनिटं प्रश्न. आजार, औषधं, काम, झोप. मग बसल्या जागी मान फिरवून बघणं, कुठे अडते ते. काम नुसतं दुखऱ्या जागेवर नको. खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेला ठणका लागतो आणि लोक तीच जागा वर्षानुवर्षं दाबून घेतात, पण त्या जागेकडे कळ बऱ्याचदा मानेच्या खालच्या मणक्यांकडून आलेली असते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! मी तुमच्यासारख्यांना मानेच्या मागे, कवटीच्या कडेखाली चार बोटं टेकवून तीन-चार मिनिटं नुसती धरून ठेवते, डोक्याचं वजन हातावर येईपर्यंत. डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते दुसऱ्याच्या हातावर टाकता येणं हेच कित्येकांना पहिल्या खेपेत जमत नाही, मान ताठच राहते. मग छातीच्या पुढचा भाग, आणि माऊस धरणाऱ्या हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग. गळ्याच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी लागते तिथे, कुणी दाबायला लागलं तर हात बाजूला करा. शेवटी पुन्हा मान फिरवून बघायची. उठताना आधी कुशीवर, मग मिनिटभर बसून, मग उभं राहायचं. मसाजात रक्तदाब उतरतो, एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

तेलाचं विचारलं नाहीत, तरी लोक विचारतातच म्हणून एका वाक्यात: तेल घर्षण कमी करायला असतं, ज्याची तुम्हाला ॲलर्जी नाही ते कुठलंही चालतं. नावांचंही तसंच. 'स्वीडिश' मसाजाचं श्रेय स्टॉकहोमच्या पेर हेन्रिक लिंग या व्यायामशिक्षकांना देतात, पण लांब हात फिरवणं, मळणं, थापटणं यांची जी फ्रेंच नावं आम्ही अजून वापरतो ती रूढ करणारे मेझगर हे डॉक्टर होते नेदरलँड्सचे. फलकावर काय लिहिलंय यापेक्षा तो हात तुमचं ऐकतो का, हे बघा.

कायमचं बरं वाटेल का, या प्रश्नाला माझं उत्तर 'एकट्या मसाजाने नाही' असं आहे. ते दोन दिवस जे हलकं वाटतं, ती खिडकी आहे. बहुतेक लोक त्या खिडकीत आडवे होतात. तुम्ही त्या दोन दिवसांत हालचाल करा. मसाजानंतर त्याच संध्याकाळी वीस मिनिटं हात मोकळे सोडून चाला. दुसऱ्या दिवसापासून लवचीक पट्टी दाराच्या कडीला अडकवून कोपरं मागे ओढायची, दहा-बारा वेळा, दिवसाआड. पट्टीचा ताण सोसेल तसा वाढवायचा. मान चारी दिशांना सावकाश, दुखणाऱ्या टोकाच्या अलीकडेपर्यंत फिरवायची. आणि बसण्याची 'योग्य' पद्धत शोधत बसू नका. ताठ बसून तीन तास काढले तरी मान धरणारच. अर्ध्या तासाने उठा, फोन उभ्याने घ्या, पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवा म्हणजे भरायला जावं लागेल. रुग्ण माझ्याकडे यायचे थांबले ते यामुळे, माझ्या हातांमुळे नाही. धंद्याच्या दृष्टीने ही काही शहाणपणाची कबुली नव्हे.

मसाजाला जाता येत नाही त्या दिवशी टेनिसचा चेंडू मोज्यात घालून भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरा, मोज्याचं टोक खांद्यावरून हातात. कण्याच्या हाडावर नको, त्याच्या बाजूच्या मांसल भागावर. एका जागी एक-दोन मिनिटं, श्वास चालू ठेवून.

राहिला नवरा. जरूर दाबू द्या. शिकलेल्या हातांइतकंच, कधी त्याहून जास्त, ओळखीच्या हातांनी अंग सैल पडतं. तुम्ही खुर्चीवर उलट्या बसा, पुढे उशी, त्यावर कपाळ. त्यांना अंगठे वापरू देऊ नका. तळहात कानामागून मानेच्या बाजूने खांद्यापर्यंत आणि खांद्यावरून दंडापर्यंत, एका दमात, इतका सावकाश की त्यांना कंटाळा येईल. मग खांद्याचा वरचा मांसल भाग पूर्ण मुठीत घेऊन उचलल्यासारखा धरायचा आणि सोडायचा. टीव्ही बंद. दहा मिनिटं पुरेत. आणि पहिल्या दिवशी त्यांनी 'इथे केवढी गाठ आहे गं' म्हटलं, तर त्यांच्या दुसऱ्या हाताला तुमचा डावा खांदा दाखवा.